महिन्यातून एकदा आरशात तोंड उघडून पाहा

जिभेच्या मागे ‘गाठी’ दिसल्या म्हणून घाबरून काहीजण डॉक्टरांकडे धावतात. तपासणीत कळते, की त्या गाठी प्रत्येकाच्या जिभेवर असतात. उलट, खर्रा खाणाऱ्याच्या तोंडात खरोखर बदल होऊ लागतो, तेव्हा वर्षानुवर्षे तिकडे कुणाचे लक्ष जात नाही. म्हणून निरोगी तोंड आतून कसे दिसते, हे प्रत्येकाने ओळखायला हवे.

हे नैसर्गिक आहे

• जिभेच्या अगदी मागे इंग्रजी ‘व्ही’ आकारात मांडलेले साधारण ८ ते १२ मोठे गोल उंचवटे असतात. ते चव ओळखणारे अंकुर आहेत.

• जिभेच्या मागच्या कडांवर दोन्ही बाजूंना उभ्या बारीक घड्या असतात.

• गालाच्या आत, वरच्या दुसऱ्या दाढेसमोर एक छोटा उंचवटा असतो. कानापुढच्या लाळग्रंथीची नळी तेथे उघडते. गालगुंडात सुजते ती हीच ग्रंथी.

• ओठ व गालाच्या आत पिवळसर बारीक ठिपके दिसल्यास त्या बहुधा तेलग्रंथी असतात.

• घशाच्या तोंडाशी पडजीभ लोंबते. अन्न गिळताना ती टाळूसोबत वर उचलली जाते आणि घास नाकाकडे जात नाही.

यातले बहुतेक भाग दोन्ही बाजूंना सारखे असतात. एकाच बाजूला वेगळे काही दिसले, तर तपासून घ्या.

खर्रा काय करतो?

सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा नागपुरात पानठेल्यावर सहज मिळतो. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण खर्ऱ्याची सवय सुटली नाही. ‘तंबाखू नको, नुसती सुपारी द्या’ म्हणणाराही सुरक्षित नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीलाही माणसात कर्करोग करणारा पदार्थ ठरवले आहे.

सुपारीमुळे गालाच्या आतल्या मऊ अस्तराखाली ताठर तंतू वाढतात. आधी तिखटाने आग होते. मग गाल पांढुरके पडतात, बोटाला दोरीसारखे पट्टे लागतात. जिभेवरचे अंकुर झिजून जीभ गुळगुळीत होते, पडजीभ आखडते. शेवटी तोंड उघडेनासे होते. हा आजार पूर्ण मागे फिरत नाही आणि काहींमध्ये पुढे कर्करोग होतो. मात्र खर्रा वेळीच सोडला, तर पुढचे नुकसान बरेच टळते.

घरची तपासणी

आपलीच तीन बोटे एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालून पाहा. ती जात नसतील, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तर थांबू नका. मेडिकल परिसरातील शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा. सवय सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर मदत मिळते.

सतिपट्ठान सुत्तात शरीराचे भाग एकेक करून पाहायला सांगितले आहे. त्यात दात आहेत, लाळही आहे. पाचवे शील केवळ दारूपुरते मानून खर्ऱ्याला सूट देणे योग्य नाही. दर पौर्णिमेला आपण विहारात जमतोच. त्याच दिवशी सकाळी घरातल्या प्रत्येकाने आरशासमोर दोन मिनिटे तोंड उघडून पाहावे. खर्रा खाणाऱ्याने तर आधी पाहावे.