वंशावळीची साधने : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात

धाराशिव जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे येथील घराण्यांच्या नोंदी मोडी मराठी व उर्दू अशा दोन लिप्यांत विखुरल्या आहेत. तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या वह्यांत यजमानाचे कूळ, गाव व पिढ्या येतात. महसुली दप्तरात जमीन व तिचा धारक येतो. एकीचा हेतू यजमानकृत्याचा, तर दुसऱ्याचा साऱ्याचा. म्हणून केवळ नामसाम्यावरून दोन नोंदी जोडू नयेत. गाव, आडनाव व पिढी यांचा मेळ बसला पाहिजे. मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या शोधार्थ 2023 मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा हा प्रश्न अभ्यासकांपुरता उरला नाही. मोडीतील एका शब्दाच्या वाचनावर कुटुंबाचा दाखला अवलंबू लागला. मराठीच्या पदव्युत्तर वर्गात मोडीवाचनाला स्थान हवे, ते याचसाठी.