फाट्याफाट्यांनी वाढलेलं शहर

ट्रामला निरोप आणि पिंपरी-चिंचवडचा जन्म एकाच सुमाराला झाला. दिल्लीतली ट्राम १९६३ साली थांबली. मुंबईत ३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे शेवटची गाडी निघाली, तेव्हा तिला बघायला रस्त्यावर गर्दी लोटली होती. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९६२मध्ये, एमआयडीसी म्हणजे औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं होतं आणि पुण्याच्या वायव्येला चिंचवड-भोसरीच्या माळावर कारखान्यांचे प्लॉट पडू लागले होते. रुळावरची गाडी जुनाट, मोटार आधुनिक असं जेव्हा सगळे मानत होते, नेमक्या त्या दशकात हे शहर आखलं गेलं. पुढच्या साठ वर्षांतल्या त्याच्या बऱ्याच दुखण्यांचं मूळ मला इथे दिसतं.

ट्राम ही नुसती प्रवासाची सोय नव्हती. बस उद्या दुसऱ्या रस्त्याने जाऊ शकते. रूळ एकदा पुरला की तो तिथेच राहणार, हे घर बांधणाऱ्याला आणि दुकान थाटणाऱ्याला कळतं. माद्रिदच्या आर्तुरो सोरियाने १८८२मध्ये मांडलेली ‘रेषानगरी’ची कल्पना याच भरवशावर उभी होती: मधोमध ट्राम, तिच्या दोन्ही अंगांना घरं, आणि शहर लांबीत वाढत जाणार. अमेरिकेत तर जमिनीचे व्यापारीच ट्राम कंपन्या काढत. लॉस एंजेलिसच्या हेन्री हंटिंग्टनला तिकिटापेक्षा रुळालगतचे प्लॉट विकण्यात जास्त रस होता. हा व्यवहार स्वार्थाचा होता, पण त्यात एक क्रम होता. आधी वाट, मग वस्ती.

मुंबईत हा क्रम अर्धाच पाळला गेला. ९ मे १८७४ रोजी कुलाबा ते पायधुणी घोड्यांची ट्राम सुरू झाली तेव्हा भाडं तीन आणे होतं. गिरणीतल्या माणसाला ते रोज परवडणारं नव्हतं. तो गिरणीजवळच्या चाळीत राहिला आणि भोंग्याच्या आवाजावर चालत कामाला गेला. १९०७मध्ये विजेची ट्राम आली. तिकडे १८९६च्या प्लेगनंतर नेमलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या. त्यांना रुंद रस्ते मिळाले आणि त्या रस्त्यांवरून ट्राम दादरपर्यंत गेली. हिंदू कॉलनी, पारसी कॉलनी यांच्या आखीवपणात ट्रस्टच्या नकाशाइतकाच वाटा रोज फोर्टात नोकरीला नेणाऱ्या या वाहनाचाही आहे. नाशिकमध्ये तर स्टेशन गावापासून दूर पडलं म्हणून स्टेशन ते शहर ट्राम धावली. पुण्याला ट्राम कधी मिळालीच नाही. पुणेकराने सायकल घेतली.

आता पिंपरीकडे वळू. इथे रूळ नव्हता असं नाही. खंडाळा-पुणे आगगाडी १८५८पासून याच वाटेने जाते, आणि मुंबई-पुणे रस्ताही तिच्याच बाजूने. फाळणीनंतर पिंपरीत निर्वासितांची छावणी वसली. १९५४मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. साठच्या दशकात आकुर्डीला बजाज, चिंचवड-पिंपरीच्या पट्ट्यात टेल्को आणि त्यांच्याभोवती शेकडो लहान वर्कशॉप. सोरियाच्या कल्पनेला लागणारं सगळं इथे होतं: एक लांब सरळ रस्ता, शेजारी रेल्वे, दोहोंच्या कडेला काम. उणीव होती ती फक्त दर पाच-दहा मिनिटांनी येणाऱ्या गाडीची. पुणे-लोणावळा लोकल १९७८मध्ये आली खरी, पण तिच्या दोन गाड्यांमधलं अंतर शिफ्टच्या घड्याळाशी कधीच जुळलं नाही.

ती जागा कंपनीच्या बसने भरली. या बसने शहर कसं घडवलं, हे कुणी नीट लिहायला हवं. फर्स्ट शिफ्टचा कामगार पहाटे ठरलेल्या थांब्यावर उभा राहायचा. बस पुण्याच्या पेठांतून, येरवड्यातून, देहू-आळंदीहून, तळेगावहून त्याला उचलायची. त्यामुळे कारखान्याजवळ घर असण्याची निकडच उरली नाही. मुंबईच्या गिरणीने चाळ आपल्या सावलीत उभी केली होती, इथल्या कारखान्याने माणसं तीस-तीस किलोमीटरांवरून आणली. बस शिफ्टपुरतीच. कामगाराची बायको, शाळेतलं पोर, म्हातारी आई यांना ती नव्हती. त्यांच्यासाठी शहराची पीसीएमटी बस होती आणि फाट्यावर टपून बसलेली सहा आसनी रिक्षा. उरलेलं काम स्कूटरने केलं. आकुर्डीत बनणाऱ्या चेतकसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघत, आणि ती बनवणाराही ती घेण्याचं स्वप्न बघे. ज्या गावाने देशाला दुचाकीवर बसवलं, ते स्वतः दुचाकीच्या मापाचं झालं यात नवल नाही.

आखणी झाली नाही असं कुणी म्हणू नये. १९७०मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांची नगरपालिका झाली, १९८२मध्ये महापालिका. दरम्यान १९७२मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आलं, कामगारांना परवडणारी घरं द्यायची म्हणून. निगडी प्राधिकरणात आजही फिरून बघा: सेक्टर, बागा, झाडांचे रस्ते, सगळं नेटकं. पण या सेक्टरांना शहराशी बांधणारी गाडी कुणी कल्पिली नव्हती. गृहीत धरला होता तो रस्ता. शिवाय संपादित जमिनीच्या मोबदल्यात द्यायच्या साडेबारा टक्के परताव्याचा प्रश्न दशकानुदशकं लोंबकळला. शेतकऱ्याने गुंठा-गुंठा विकला आणि थेरगाव, काळेवाडी, रहाटणीत कामगाराने त्या गुंठ्यावर पदरची पै-पै घालून दोन खोल्या बांधल्या. १९९१मध्ये सव्वापाच लाखांच्या आत असलेलं शहर २०११पर्यंत सव्वासतरा लाखांवर गेलं ते मुख्यतः अशा खोल्यांतून आणि नंतर वाकड-पिंपळे सौदागरच्या टॉवरांतून.

आणि गंमत बघा, कागदावर रेषा होती. एचसीएमटीआर नावाचा, तीस मीटर रुंद वाहतूक-मार्ग विकास आराखड्यात आरक्षित होता. नकाशावर तो रंगवलेला होता, जमिनीवर काहीच नव्हतं. २०१७मध्ये रिंग रोडच्या नावाने तो मोकळा करायला यंत्रणा निघाली तेव्हा आरक्षणावर घरं होती, घरांत माणसं होती, आणि त्या माणसांनी ‘घर बचाव’चा लढा उभारला. दोष कुणाचा, यावर दोन्ही बाजूंना बोलण्यासारखं आहे. नगररचनेच्या दृष्टीने मात्र अर्थ एकच: वीस वर्षं न अंथरलेला रूळ हा रूळ नसतोच.

पुण्याने डिसेंबर २००६मध्ये देशातला पहिला बीआरटी, म्हणजे बसला राखीव मार्गिका देण्याचा, प्रयोग केला आणि तो बऱ्यापैकी बिघडवला. पिंपरी-चिंचवडने उशिरा पण जास्त काळजीने तेच काम केलं: २०१५मध्ये सांगवी-किवळे, नंतर नाशिक फाटा-वाकड, २०१८मध्ये निगडी-दापोडी. ब्राझीलच्या कुरितिबाने १९७४पासून बसलाच ट्रामसारखी वागवून दाखवली, कारण तिथे उंच इमारतींना परवानगी बसच्या मार्गालगतच दिली. आपण मार्ग बांधला आणि इमारतींचा विचार वेगळ्या खात्याकडे ठेवला. औंध-रावेत रस्त्यालगत टॉवर भराभर उभे राहिले, पण तळाशी दोन-दोन मजली पार्किंग घेऊन. बसच्या दारात मोटारीचं शहर.

६ मार्च २०२२ रोजी पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो सुरू झाली. ऑगस्ट २०२३मध्ये ती सिव्हिल कोर्टापर्यंत आणि पुढच्या वर्षी स्वारगेटला पोचली. निगडीपर्यंतच्या साडेचार किलोमीटरांना २०२३मध्ये मंजुरी मिळाली, म्हणजे शहराचा अर्धा कणा सुरुवातीला बाहेरच राहिला होता. स्थानकांभोवती ५०० मीटरांत चार एफएसआयपर्यंत, म्हणजे प्लॉटच्या चौपट, बांधकामाची मुभा देण्याचं धोरण आहे. पण या मार्गालगत रेल्वेची, लष्कराची आणि बंद पडलेल्या वा आटलेल्या कारखान्यांची जमीन आहे. एफएसआय कागदावर वाढला तरी माणसं तिथे राहायला येतील ती रस्ता ओलांडता आला तर. स्ट्रासबुर्गने १९९४मध्ये ट्राम परत आणली तेव्हा रुळासोबत फुटपाथ, झाडं, चौक सगळं नव्याने केलं आणि मोटारीची लेन काढून घेतली. आपली मेट्रो खांबांवरून जाते, कारण खालची लेन काढून घ्यायची हिंमत कुणाचीच नाही. महामार्गावरच्या ग्रेड सेपरेटरच्या कठड्यावरून उडी मारणारा कामगार हे त्या धोरणाचं रोजचं चित्र.

खरा प्रश्न आता चाकणचा आहे. एकेकाळी संग्रामदुर्गासाठी आणि कांद्याच्या बाजारासाठी ओळखलेलं हे गाव १९९९च्या बजाज प्रकल्पानंतर बदलू लागलं. २००९मध्ये फोक्सवॅगन आली, मर्सिडीज आली, मागोमाग महिंद्रा. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, निघोजे या गावांत भाड्याच्या खोल्यांच्या रांगा लागल्या, कॉट बेसिसवर बिहार-ओडिशाची आणि मराठवाडा-विदर्भाची पोरं राहू लागली. शहर म्हणावं इतकी माणसं, आणि नगरपरिषद झाली ती २०१५मध्ये, तीही जुन्या गावापुरती. रेल्वे नाही. पुणे-नाशिक लोहमार्ग चाकणवरून जायचा होता, तो खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या हरकतीपायी अडकला. चाकणच्या तळेगाव चौकात ट्रेलर, कंपनीची बस, ऊस-कांद्याचा टेम्पो आणि हेल्मेट कोपराला अडकवलेला कंत्राटी कामगार एकाच सिग्नलवर उभे असतात.

मेट्रो निगडीहून वाकड, नाशिक फाटामार्गे चाकणपर्यंत नेण्याचा सुमारे ४१ किलोमीटरांचा आराखडा झाला आहे. दरम्यान ऑगस्ट २०२४मध्ये केंद्राने नाशिक फाटा ते खेड ३० किलोमीटरांच्या आठपदरी उन्नत रस्त्याला ७,८२७ कोटी रुपये मंजूर केले. म्हणजे याही वेळी आधी रस्ता, मग रूळ. तो रस्ता ट्रेलरला हवाच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मोशीपासून चाकणपर्यंत हायवेलगत अजून थोडी मोकळी शेतं उरली आहेत. स्थानकं कुठे येणार हे आजच ठरवून त्यांच्याभोवतीची जमीन कामगारांच्या घरांसाठी पीएमआरडीएने, म्हणजे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, घेतली नाही, तर मंजुरीची बातमी छापून यायच्या आत तिथले सात-बारा हात बदलतील. भोसरी आणि मोशीत ते झालेलं आहे.