गोड चवीचे विष : घरातील कूलंटचा डबा आणि ज्येष्ठांची सुरक्षितता

शिरूर आणि दौंड तालुक्यांत रेडिएटरमधील पाणी गोठावे इतकी थंडी पडत नाही. तरीही गोठणरोधक द्रव, म्हणजे आपण ज्याला ‘कूलंट’ म्हणतो तो, इथल्या असंख्य घरांत असतो. ट्रॅक्टर, उसाचे ट्रक, मोटारी आणि जनित्रे यांना तो लागतो, कारण तो पाण्याचा उत्कलनांक वाढवतो आणि त्यात मिसळलेली इतर द्रव्ये इंजिनाला गंजापासून वाचवतात. रांजणगाव आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींमुळे औद्योगिक रसायनांचे डबे, कॅन आणि पिंपेही या परिसराला अपरिचित नाहीत. म्हणूनच या द्रवाची नीट ओळख प्रत्येक कुटुंबाला असावयास हवी.

बहुतेक कूलंटमधील मुख्य घटक इथिलीन ग्लायकॉल हा असतो. मुळात तो रंगहीन, जवळजवळ गंधहीन आणि पाकासारखा दाट असतो. त्याची चव गोड असते आणि खरा धोका तिथेच आहे. जीभ सावध करीत नाही, नाक इशारा देत नाही. उत्पादक त्यात हिरवा, निळा वा गुलाबी रंग मिसळतात. परंतु तोच द्रव सरबताच्या बाटलीत भरला, तर तो सरबतासारखाच दिसू लागतो. प्रौढ माणसाच्या बाबतीत साधारण 100 मिलिलिटर, म्हणजे अर्ध्या पेल्याएवढी मात्रा प्राणघातक ठरू शकते. बालकांना त्याहून पुष्कळ कमी पुरते.

हे रसायन पोटात गेल्यावर यकृत त्याचे रूपांतर अधिक घातक आम्लांत करते. अखेरीस तयार होणाऱ्या ऑक्झॅलिक आम्लाचे कॅल्शियमशी संयोग होऊन सूक्ष्म स्फटिक बनतात आणि ते मूत्रपिंडात साचतात. पहिल्या काही तासांत रुग्ण मद्यपान केल्यासारखा वागतो : बोलणे अडखळते, तोल जातो, मळमळते. पुढे श्वास जलद होतो, हृदयावर ताण येतो. एक ते तीन दिवसांत लघवी कमी होऊन मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. मधुमेही वा रक्तदाबाच्या ज्येष्ठांमध्ये सुरुवातीची लक्षणे ‘साखर उतरली’ किंवा ‘पक्षाघात झाला’ अशी वाटण्याचा संभव असतो. म्हणून अशा वेळी आसपास एखादी उघडी बाटली वा डबा आहे का, हेही अवश्य पाहावे.

याच कुळातील डायइथिलीन ग्लायकॉलने महाराष्ट्राला एक कठोर धडा दिला आहे. 1986 च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 14 रुग्ण दगावले. उपचारासाठी त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये हे औद्योगिक रसायन मिसळलेले होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली आणि औषध खरेदी व तपासणीच्या व्यवस्थेतील गंभीर दोष उघडे पाडले. त्यानंतरही हा धोका संपलेला नाही. 2022 मध्ये गांबियात आणि 2025 मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात खोकल्याच्या दूषित औषधाने अनेक बालकांचे प्राण घेतले. तेव्हा ग्लिसरीन असो वा पातळ औषध, ते परवानाधारक औषध दुकानातूनच, सीलबंद आणि पावतीसह घ्यावे. कारखान्यातून वा सुट्या कॅनमधून आणलेले ग्लिसरीन त्वचेला लावण्यासाठीही वापरू नये. नामसाधर्म्याने मात्र घाबरून जाऊ नये : औषधांत वापरले जाणारे प्रॉपिलीन ग्लायकॉल हे निराळे द्रव्य आहे.

घरात पुढील दक्षता घ्यावी. कूलंट मूळ डब्यातच, लेबलासह, कुलूपबंद कपाटात ठेवावा. पाण्याच्या वा शीतपेयाच्या बाटलीत तो कधीही भरू नये. स्वयंपाकघर, देवघर आणि औषधांची पेटी यांपासून तो दूर असावा. दृष्टी मंदावलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांच्या घरी हा नियम विशेष कसोशीने पाळावा. इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. उसळलेल्या द्रवाने गंभीर भाजते. सांडलेला द्रव हातमोजे घालून वाळूने किंवा लाकडाच्या भुशाने टिपावा आणि जागा साबणपाण्याने धुवावी. तो गटारात, विहिरीजवळ अथवा गुरांच्या हौदाकडे वाहू देऊ नये. कुत्री-मांजरे आणि जनावरेही तो चाटतात. जुना कूलंट बंद डब्यात भरून योग्य विल्हेवाटीची सोय असलेल्या गॅरेजकडे सोपवावा.

हाताला लागल्यास साबणाने धुणे सहसा पुरेसे असते. डोळ्यांत गेल्यास पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवून डॉक्टरांना दाखवावे. पोटात गेल्याचा नुसता संशय आला, तरी लक्षणांची वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णाला उलटी करावयास लावू नये. मिठाचे पाणी, ताक, काढा असे काही पाजू नये. डबा सोबत न्यावा आणि किती वाजता, अंदाजे किती प्यायले गेले, ते सांगावे. या विषावर उतारा आहे : फोमेपिझोल किंवा वैद्यकीय देखरेखीखाली दिलेले इथेनॉल विषारी आम्ले तयार होण्याची क्रिया रोखते आणि डायलिसिसने रक्त शुद्ध करता येते. मात्र घरी मद्य पाजणे हा त्याला पर्याय नव्हे. हे उपचार जितक्या लवकर सुरू होतील, तितकी मूत्रपिंडे वाचण्याची आशा अधिक. म्हणून जिथे डायलिसिसची सोय आहे असे आपल्याला सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, याची चौकशी आजच करून ठेवावी आणि तो दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावा.