खेळाडूंच्या आठवणींचा संग्रह

अमेरिकेत बेसबॉलपटूंची चित्रे छापलेले पत्ते जमविण्याचा छंद जुना आहे. पूर्वी हे पत्ते सिगारेटच्या पाकिटांतून मिळत. १९०९ ते १९११ च्या मालिकेतील होनस वॅग्नरचा पत्ता फार थोडा छापला गेला आणि त्यामुळेच तो पुढे अत्यंत मौल्यवान ठरला.

इंदुरास या छंदाचा अर्थ निराळा आहे. कर्नल सी. के. नायडू व मुश्ताक अली ज्या होळकर संघात खेळत, त्याने रणजी करंडक चार वेळा जिंकला. १९५४-५५ नंतर मात्र तो संघ स्पर्धेत राहिला नाही. उरली ती छायाचित्रे, कात्रणे, सह्या आणि धावपत्रके. १९४५-४६ मध्ये या संघाने म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावा केल्या; सहा फलंदाजांनी शतके काढली. ऐकणाऱ्यास ही अतिशयोक्ती वाटावी. धावपत्रक पाहताच शंका फिटते.

परंतु कागद आपण होऊन बोलत नाही. सामना, स्थळ व तारीख यांची नोंद नसेल, तर सही म्हणजे नुसती शाईची रेघ होऊन बसते. कात्रण कापताना वृत्तपत्राचे नाव व दिनांक बहुधा कात्रीखाली जातात. ते तत्काळ वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवावेत. छायाचित्रामागे हलक्या हाताने पेन्सिलीने नावे लिहावीत. ऊन, ओल व गोंद यांपासून सर्वच जपावे.

चित्रातील माणसे ओळखणारे वडीलधारे घरात आहेत तोवरच ही नोंद करता येते. ती राहून गेली, तर पेटीत कागद उरतील. त्यांतील खेळाडू मात्र अनोळखी होतील.