चमक येते कुठून?

पुण्याच्या कसबा पेठेत शिरलात आणि ठक्‌ ठक्‌ ठक्‌ असा ठेका कानावर आला, की समजावं, तांबट आळी जवळ आली! पेशव्यांच्या काळापासून इथे तांब्याचे हंडे, घागरी, आंघोळीच्या पाण्याचे बंब घडत आले आहेत. एखादी नवी घागर जवळून पाहा. तिच्या अंगावर ओळीने बारीक चपट्या खुणा दिसतील. हे मठारकाम. हातोडीच्या घावांनी तांबं दाबलं जातं आणि कडक होतं, म्हणून भांड्याला सहज पोचा पडत नाही. शिवाय प्रत्येक खूण चिमुकल्या आरशासारखी लखलखते. त्यासाठी हातोडीचं तोंड मात्र आधी अगदी गुळगुळीत असावं लागतं. त्यावर ओरखडा असेल, तर तोही तांब्यावर उमटणार.

आता त्याच गल्लीत उभ्या असलेल्या मोटारीकडे वळू या. दसरा जवळ आला, की घरोघरी गाड्या धुतल्या जातात, घासल्या जातात आणि मग झेंडूचे हार चढतात. दुकानात गेलं तर समोर डब्यांची रांग: कंपाऊंड, पॉलिश, वॅक्स, क्ले बार. यातलं काय घ्यायचं? आणि चमक नेमकी कुठल्या डब्यात असते?

खरं सांगू? एकाही डब्यात नसते! चमक ही प्रकाशाची करामत आहे. पृष्ठभाग सपाट असेल, तर त्यावर पडलेले किरण शिस्तीत एकाच दिशेने परत फिरतात. हे नियमित परावर्तन. पृष्ठभाग खडबडीत असेल, तर तेच किरण वाट फुटेल तिकडे जातात आणि वस्तू निस्तेज दिसते. म्हणजे आपलं काम एकच, पृष्ठभाग गुळगुळीत करायचा आणि तसाच राखायचा.

गाडीचा रंग हा एकच थर नसतो बरं का! खाली पत्रा, त्यावर गंज रोखणारा थर, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हा वरचा थर साधारण 40 ते 50 मायक्रॉन जाडीचा असतो. 1000 मायक्रॉन म्हणजे 1 मिलिमीटर. म्हणजे क्लिअर कोटची जाडी तुमच्या वहीच्या कागदाच्या जवळपास निम्मी! उन्हापावसाला तोंड देतो तो हाच थर. आपण हात लावतो तोही यालाच.

पहिली पायरी धुण्याची. दोन बादल्या घ्या, एक साबणाच्या पाण्याची, दुसरी फडकं खळबळायची. धुळीतले वाळूचे कण काचेलाही ओरखडा काढतात, मग क्लिअर कोटची काय कथा! म्हणून कोरड्या फडक्याने धूळ पुसायची नाही.

गाडी धुऊन झाली, की एक गंमत करा. पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घाला आणि बॉनेटवरून अलगद फिरवा. डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या बॉनेटवर बोटांना चक्क खरखर जाणवते! पिशवीमुळे हात सरसर सरकतो आणि एरवी न कळणारे बारीक उंचवटेही बोटांना कळतात. झाडाचा चीक, डांबराचे थेंब, ब्रेक घासून उडालेली लोखंडाची धूळ, असं बरंच काही रंगाला चिकटून बसलेलं असतं. साबणाला ते दाद देत नाही.

इथे क्ले बार कामाला येतो. कुंभारवाड्यातली चिकणमाती मात्र आणू नका हं! हा असतो मळलेल्या कणकेसारखा मऊ, लवचीक गोळा आणि त्यात अतिशय बारीक घासणारे कण मिसळलेले असतात. जपानच्या ताडाओ कोडाते यांनी तो घडवला आणि 1995 मध्ये त्यांना त्याचं अमेरिकेतलं पेटंट मिळालं. गाडीवर साबणाच्या पाण्याचा फवारा मारायचा, गोळा चपटा करायचा आणि न दाबता सरळ रेषेत फिरवायचा. गोळा पाण्यावरून घसरतो आणि वर आलेले कण तेवढे उपटून घेतो. तो मळला, की दुमडून स्वच्छ बाजू वर काढायची. जमिनीवर पडला, तर थेट कचऱ्यात! त्याला चिकटलेली वाळू गाडीवर रेघोट्या मारेल.

खरखर गेली, तरी उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल नक्षी दिसते. तीच नक्षी स्वयंपाकघरातही सापडेल. घासून घासून जुनं झालेलं स्टीलचं ताट दिव्याखाली धरा आणि तिरकं करा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल रेघा! पण ताट हलवलं, की गोलही त्या प्रतिबिंबाबरोबर सरकतात. कसं काय? ओरखडे असतात सगळ्या दिशांना. त्यांतले जे प्रकाशाला आडवे येतात, तेवढेच चमकून डोळ्यांत भरतात आणि ते नेमके दिव्याभोवती गोल धरलेले वाटतात.

हे ओरखडे घालवतं पॉलिश. ते वरच्या थराचे काही मायक्रॉन घासून काढतं, म्हणजे ओरखड्याच्या काठाची उंची त्याच्या तळापर्यंत खाली येते. गॅरेजवाले ज्याला ‘रबिंग’ म्हणतात, ते कंपाऊंड जाड कणांचं, पॉलिश बारीक कणांचं. नेहमी बारीकपासून सुरुवात करा. ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं, तर ओरखडा खोल आहे, तो घरी निघणार नाही. आणि पॉलिश वरचेवर करायचं नाही, कारण गेलेला क्लिअर कोट परत येत नाही.

तांब्याचं काम यापेक्षा निराळं. तांब्यावर हवेमुळे ऑक्साइडचा काळपट थर चढतो आणि चिंचेतलं आम्ल तो विरघळवतं, म्हणून देवघरातला तांब्या चिंच-मिठाने लख्ख होतो. तीच चिंच गाडीला लावाल, तर फायदा काहीच नाही, रंग खराब होण्याची भीती तेवढी.

शेवटी वॅक्स. ते काही घासून काढत नाही, वर पातळ पांघरूण घालतं. यातलं नामांकित मेण आहे कार्नौबा. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडजातीच्या झाडाच्या पानांवर ते साठतं. मधमाशीचं मेण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळतं, कार्नौबाला मात्र 80 अंशांहून जास्त उष्णता लागते. म्हणून तापलेल्या बॉनेटवरही ते टिकून राहतं. काही रंगीत गोळ्यांच्या चकचकीत आवरणावरही हेच मेण असतं, म्हणजे तुम्ही ते बहुधा खाल्लेलंही आहे! डब्यातलं वॅक्स मात्र तोंडात घालायचं नाही, त्यात इतर रसायनं असतात.

सावलीत, थंड पत्र्यावर वॅक्सचा अगदी पातळ हात द्या. ते पांढुरकं झालं, की त्यावरून बोट ओढा. बोटाखाली स्वच्छ पट्टा दिसला, की मायक्रोफायबरच्या फडक्याने पुसून काढा. मग पाण्याचे थेंब टाका. ते पसरत नाहीत, गोल मोती होऊन घरंगळतात. अळूच्या पानावरही असंच होतं ना? तिथेही मेणच आहे! मेणाला पाणी ओढून घेता येत नाही, मग पाणी स्वतःतच गोळा होऊन बसतं.

आता तुमची पाळी. घरच्या मोठ्यांना सोबत घ्या आणि बॉनेटच्या अर्ध्याच भागाला वॅक्स लावा. दर रविवारी दोन्ही भागांवर पाणी शिंपडा, कुठे मोती होतात आणि कुठे पाणी पसरतं ते तारखेसह वहीत लिहा. मोती चपटे होऊ लागले, की वॅक्स संपत आलं. एका घरची गाडी उन्हात उभी असते, दुसऱ्या घरची वाड्याच्या सावलीत. मग मित्रांच्या वह्या शेजारी ठेवून पाहा, कोणाचं वॅक्स जास्त टिकलं?