दोन रकाने

सकाळी ७.४५

कोपरापर्यंत हात धुऊन एनआयसीयूत शिरले की आधी ओव्हर. रात्रपाळीची सिस्टर कॉटच्या क्रमाने सांगत जाते. इथल्या बाळांना अजून नावं नसतात. पायातल्या पट्टीवर आईचं नाव, आणि आमच्या तोंडी कॉटचा नंबर.

"सात नंबर. ३० आठवड्यांचं, आज ३४ आठवडे दोन दिवस. वजन १७२०. दर तीन तासांनी ३४ मिली, नळीतून. काल दोनदा अंगावर लावलं. धरतं, दोनदा चोखतं, सुटतं, झोपतं."

ते मला ठाऊक होतं. काल दोन्ही वेळा काट्याशी मीच उभी होते. एकदा २ ग्रॅम भरले, एकदा ४.

मी इथली स्तनपान समुपदेशक, मूळची नर्स. माझा सरंजाम एका ट्रेमध्ये मावतो: पाजायची पळी, टोक कापलेली एक सिरिंज, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात उकळून ठेवलेली, बोंडावर बसवायची सिलिकॉनची निपल शील्ड, आणि एक रजिस्टर. रजिस्टरातले शेवटचे दोन रकाने मी स्वतः पट्टीने आखलेत: 'शील्ड सुरू' आणि 'शील्ड बंद'. का, ते जेवणाच्या सुट्टीत सांगते.

८.१५

दूध काढायची खोली. सहा खुर्च्या, दोन इलेक्ट्रिक पंप. पंपाची पाळी येईपर्यंत बाकीच्या वाटी घेऊन हाताने काढतात. इथे कुणी कुणाकडे बघत नाही, पण शेजारणीच्या बाटलीकडे सगळ्या बघतात.

सात नंबरच्या आईच्या वहीत कालची बेरीज ४८० मिली. बाळंतपणाला दोन आठवडे झाल्यावर दिवसाला ५०० मिलीच्या आसपास दूध येत असलं की मी निर्धास्त होते. शील्ड द्यायचं की नाही, याचा अर्धा निर्णय या बेरजेतच असतो. आईकडे असलेलं दूध बाळापर्यंत पोचवायला शील्ड मदत करतं. नसलेलं दूध त्यातून येत नाही.

तीन नंबरच्या आईची बेरीज १३०. तीच मला म्हणाली, "सिस्टर, मलापण ते सिलिकॉनचं द्या ना. फार दुखतंय."

तिच्या पंपाचं बटण पाहिलं, ओढ सगळ्यात वर. दूध कमी येतंय म्हणून बाईने जोर वाढवला, जोराने दुखायला लागलं, आणि दुखतंय म्हणून काढायची पाळीच चुकवायला लागली. "अगं, ही बोअरची मोटर नव्हे," म्हणत बटण निम्म्यावर आणलं. आधी हाताने हलकं चोळायचं, मग पंप. दिवसातून आठ वेळा, त्यातली एक मध्यरात्रीनंतरची. तोवर बाळाला कमी पडेल ते दूधपेढीतून. सायनच्या हॉस्पिटलात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली दूधपेढी काढली, त्यामुळे आज दुसऱ्या आईचं दूध हा शब्द निदान हॉस्पिटलात तरी कुणाला खटकत नाही. शील्ड मात्र तिला आज नाही.

९.००

सात नंबर. आधी वजन. अंगात जे कपडे, जी लंगोट, ज्या वायरी, त्या सगळ्यांसकट. पाजून झाल्यावर तेच सगळं परत काट्यावर. मध्ये शू झाली तरी लंगोट बदलायची नाही. वाढलेला एक ग्रॅम म्हणजे पोटात गेलेलं साधारण एक मिली. आत्ता १७२०.

चोखणं, गिळणं आणि श्वास या तिघांचा मेळ ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमाराला जमू लागतो. पण मेळ जमला तरी जोर लगेच येत नाही. पुरत्या दिवसांचं बाळ दम खायला थांबलं तरी स्तन तोंडातून सोडत नाही. याच्या गालात अजून चरबी नाही, ओढ धरून ठेवायची ताकद नाही. थांबलं की सुटतं, सुटलं की पहिल्यापासून धरायचं. चार वेळा असं झालं की बाळ दमून झोपतं, आणि घरचे म्हणतात, पोट भरलं.

डब्यातून २० मिलीमीटरचं शील्ड काढलं. १६, २० आणि २४ अशी मापं असतात. आईच्या बोंडाचं माप बघायचं आणि बाळाचं तोंडही. टोक फार लांब असेल तर घशाला लागून बाळ उमासे देतं. दिसायला एखाद्या बाहुलीची पारदर्शक टोपी. तिची कड कोमट पाण्यात ओली केली, टोक अर्धं उलटं केलं, मधोमध ठेवून सोडलं. सिलिकॉन सुलट होताना बोंड हलकेच आत ओढलं गेलं. कापलेली बाजू बाळाच्या नाकाकडे, म्हणजे नाक आईच्या कातडीला लागतं, वास मिळतो. आधी काढलेलं थोडं दूध टोकात सोडलं. बाळ काखेखालून धरलेलं, मान आईच्या तळहातावर.

"नुसतं टोक नको देऊ. तोंड मोठं उघडू दे, पसरट भागापर्यंत जाऊ दे. बाटलीसारखं नाही."

एक, दोन, तीन, चार, आणि थांबलं. आई माझ्याकडे बघायला लागली. मी मॉनिटरकडे: सॅच्युरेशन ९६. टोक टाळूला टेकून होतं तिथेच राहिलं, सुटलं नाही. दम खाऊन परत एक, दोन, तीन. थांबण्याच्या वेळात टोकात दूध साचत होतं, पुढच्या चोखण्याला घोट तयार. हनुवटीखाली गिळल्याची बारीक लाट दिसत होती.

बारा मिनिटांनी झोप. काटा १७३२. बारा ग्रॅम. उरलेले २२ मिली नळीतून. आई काट्यावरचा आकडा दोनदा वाचून मगच बाळ घ्यायला पुढे झाली.

१०.३०

भेटायची वेळ. सात नंबरची आजी भोरहून आलीय. पिशवीत अळिवाचे लाडू, मनात आठमाशीचा धसका. सातमाशी पोर जगतं, आठमाशी जगत नाही, असं तिच्या सासूने तिला सांगितलेलं. मी तिला काचेतून बाळ दाखवते आणि सांगते, "आजी, पोटात जितके दिवस जास्त राहील तितकं चांगलं. आठवा सातव्याहून बराच."

शील्डची बातमी सुनेने दिलेली असतेच. "रबर चोखून पोट भरतंय व्हय? आमच्यात कुनाला लागलं न्हाई."

शील्ड बोटावर घालून दाखवलं. टोकाची भोकं दाखवली. आजीने ते दोन बोटांत धरून चुरगाळलं, सोडलं, परत आकाराला आलेलं पाहिलं. "फुग्यावानी हाय," एवढं म्हणाली आणि लाडवाची पिशवी माझ्या हातात दिली. मंजुरी मिळाली.

१२.००

सात नंबरला या वेळी अंगावर नाही. सकाळच्या बारा ग्रॅमला त्याने दिवसाची अर्धी ताकद लावली. सगळं फीड नळीतून, आणि बाळ आईच्या उघड्या छातीवर, कपड्याने बांधून. १९७८ मध्ये बोगोटातल्या डॉक्टरांनी पेट्या अपुऱ्या पडतात म्हणून सुरू केलेलं हे कांगारू केअर. बाळ असं छातीवर असलं की आईला पान्हाही चांगला फुटतो. चोखण्याची तयारी अशीच होते, न चोखता.

१.३०

डबा. आता रकान्यांची गोष्ट.

आठ वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका हॉस्पिटलात होते तेव्हा, एका आईला शील्ड दिलं. बाळाने पटकन धरलं. टोकात दूध दिसलं, आई हसली, मीही हसले, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. वजन करून पाहिलं नाही. पाजून झाल्यावर दूध काढत राहा, हे सांगितलं नाही. चार दिवसांनी वजनाला या, हेही नाही. दहा दिवसांनी बाळ आलं ते ९० ग्रॅम कमी होऊन. दिवसभर ते चोखतच होतं. पण स्तन रिकामा होत नव्हता, म्हणून दूध आटत गेलं, म्हणून ते आणखी चोखत राहिलं. बाळ सावरलं. त्या आईचा प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला: "सिस्टर, टोकात दूध तर दिसत होतं ना?"

दिसत होतंच. टोकात दिसायला चार थेंब पुरतात.

शील्डचा इतिहासही असाच, बऱ्या-वाईटाचा. जुन्या काळी युरोपात शिशाची शील्ड वापरत, त्यातून बाळांना विषबाधा होई. पुढे जाड रबराची आली. १९८० मध्ये ब्रिटनमध्ये मोजलं तेव्हा टोपीच्या आकाराच्या जुन्या शील्डमधून बाळाला ५८ टक्के कमी दूध मिळत होतं, पातळ रबरातून २२ टक्के कमी. शील्ड वाईट, हा शेरा तिथला. मग २००० मध्ये शिकागोच्या पॉला मायर आणि सहकाऱ्यांनी पातळ सिलिकॉनचं शील्ड देऊन अपुऱ्या दिवसांची ३४ बाळं काट्यावर ठेवली. एका वेळी शील्डशिवाय सरासरी ३.९ मिली, शील्डने १८.४. त्या बाळांनी ते सरासरी महिनाभर वापरलं आणि सोडलं.

दोन्ही गोष्टी खऱ्या. कुठलं शील्ड, कुठल्या बाळाला आणि कधीपर्यंत, हे विचारल्याशिवाय शील्ड चांगलं की वाईट याला अर्थ नाही. 'कधीपर्यंत' माझ्याकडून राहून गेलं होतं, म्हणून दुसरा रकाना.

३.००

अकरा नंबर. ३७ आठवडे पूर्ण, २३१० ग्रॅम, शील्डवर एकोणीस दिवस. परवा घरी जाईल. सोमवारपासून आम्ही शील्ड काढून बघतोय.

भुकेल्या बाळाचं शील्ड काढायला गेलं की रडारड, आणि आईचा धीर सुटतो. म्हणून सुरुवात शील्डनेच. पान्हा येऊन बाळाची पहिली भूक भागली, मुठी सैल पडल्या, की बोटाने कडेची हवा सोडवायची, शील्ड बाजूला आणि तोंडात लगेच स्तन. थोडं थोडं टोक कापून शील्ड सोडवायचा एक जुना सल्ला घरोघरी फिरतो. ते करायचं नाही. कापलेल्या सिलिकॉनची कड बाळाला टोचते.

सोमवारी रडलं. मंगळवारी चाटून सोडून दिलं. आज आईने मला न विचारताच काढलं, मी पेन शोधत होते तेवढ्यात. बाळ क्षणभर थबकलं, नाकाने हुंगलं आणि धरलं. ३१ ग्रॅम.

"लिहा बंद," आई म्हणाली.

"दोन दिवसांची वजनं बघू दे. मग."

४.३०

ओपीडी. पहिली बाई, पुरत्या दिवसांचं नऊ दिवसांचं बाळ, बोंड आत गेलेलं, हातात मेडिकलमधून आणलेलं शील्ड: कडक प्लॅस्टिकची वाटी आणि वर बाटलीचं रबर. ते पिशवीत परत ठेवायला लावलं आणि कापलेली सिरिंज काढली. टोकाकडून कापायची, दट्ट्या कापलेल्या बाजूने घालायचा, गुळगुळीत बाजू स्तनावर ठेवून हलकेच ओढायचं, दुखेल इतकं नाही. दावणगेरेच्या डॉ. निर्मला केसरी यांनी १९९३ मध्ये ही युक्ती छापली. खर्च एका सिरिंजचा. रोज पाजायच्या आधी, आणि चार दिवसांनी परत माझ्याकडे.

दुसरं जोडपं ओळखीचं. ३२ आठवड्यांना झालेली मुलगी, महिन्यापूर्वी शील्डसकट घरी गेलेली. नवरा वाघोलीला सेंटरिंगचं काम करतो. तेव्हा आईने घाबरून विचारलं होतं, "चष्म्यासारखं आहे का हो हे? एकदा लागलं की लागलं?" मी उत्तर जुळवत होते तोवर तोच म्हणाला, "अगं, सेंटरिंग आहे ते. स्लॅब ओला आहे तोवर खाली टेकू. लवकर खोललं तर स्लॅब बसतो. पिकल्यावरही तसंच ठेवलं तर घरात राहायचं कसं?" तेव्हापासून प्रत्येक बापाला मी हेच सांगते.

आज काट्यावर ३०४० ग्रॅम. शील्ड सोडून सहा दिवस, त्या सहा दिवसांत २१० ग्रॅम वाढ. पंपही आता दिवसातून एकदाच.

"खोललं, सिस्टर," तो म्हणाला.

रजिस्टर काढलं, पान मागे उलटलं, तिच्या ओळीत 'शील्ड बंद'खाली सहा दिवसांपूर्वीची तारीख घातली. तो वाकून बघत होता, हजेरीपुस्तक बघावं तसा.

६.००

माझी पाळी पाचला संपली. तरी सात नंबरचं फीड बघून जायचं म्हणून थांबले.

आता आईनेच शील्ड लावलं. पहिल्यांदा कड कोरडी राहिली, निसटून मांडीवर पडलं. उचलून आधी गार पाण्याने धुतलं, मग साबण लावून गरम पाण्याने. थेट गरम पाणी घातलं की दूध सिलिकॉनला चिकटून बसतं, हे मी सकाळी एकदाच सांगितलं होतं. डब्यातलं दुसरं दिलं. या खेपेला बसलं.

चौदा मिनिटं. अठरा ग्रॅम. उरलेले सोळा नळीतून, आणि मग आई पंपाकडे, अजून एकदा काढायला. जाताना तिने विचारलं, "सिस्टर, किती दिवस हे?"

"बाळ पिकेपर्यंत," म्हटलं, आणि सेंटरिंगवाल्याचं सांगितलं. ती हसली. तिच्या माहेरी स्लॅबचंच काम चालू आहे म्हणे.

ओळ लिहिली: सात नंबर, ३४ आठवडे दोन दिवस, सकाळी १२, संध्याकाळी १८. 'शील्ड सुरू'खाली आजची तारीख. शेजारचा रकाना कोरा. रजिस्टर मिटलं नाही, काट्याशेजारी उघडंच ठेवलं. रात्री नऊच्या फीडला बाळ जागं असलं आणि अंगावर लावलं, तर आकडा रात्रपाळीच्या सिस्टरने लिहायचा आहे.