‘घेणे’ आणि ‘पाळणे’ : बाप्तिस्म्याच्या मराठी आशयाविषयी

समर्थ रामदासांचे जन्मस्थान (१६०८) म्हणून जांब हे गाव मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे. लग्नमंडपात ‘सावधान’ हा शब्द ऐकताच त्यांनी घर सोडले, अशी आख्यायिका आहे. परंतु परंपरेने मोल मानले ते त्या क्षणापेक्षा त्यानंतरच्या लोकचिंतेने व्यापलेल्या आयुष्याचे. शब्द कानी पडणे आणि तो जन्मभर निभावणे यांतील हे अंतर याच जालना जिल्ह्यातील एका निराळ्या धर्मजीवनाचा अर्थ लावतानाही उपयोगी पडते.

मराठीत बाप्तिस्मा ‘घेतला’ जातो. हे क्रियापद एका क्षणात संपते. ख्रिस्ती विचारात मात्र तो आरंभ आहे. पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रानुसार, बाप्तिस्म्यात जुने जीवन मरते आणि नवे सुरू होते. हे नवे जीवन जगावे कसे, याचा एक आदर्श योहानाच्या शुभवर्तमानात मिळतो. तेथील उत्तम मेंढपाळ प्रत्येक मेंढराला नावाने ओळखतो आणि लांडगा आला तरी पळत नाही. मजुरीने राखणारा पळतो. मराठी प्रॉटेस्टंट मंडळीत धर्मसेवकास ‘पाळक’ म्हणतात, ही बाब येथे अर्थपूर्ण ठरते. लेकरे पाळतात, तसाच शब्दही पाळतात. सांभाळ आणि निष्ठा हे दोन्ही अर्थ या एकाच धातूत नांदतात.

नारायण शेषाद्री यांनी १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपाद याच्यावरून न्यायालयीन वाद झाला, मुलगा वडिलांच्या स्वाधीन करण्यात आला आणि बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीकरणाचा पक्ष घेतला. आपल्या वाङ्मयेतिहासात शेषाद्री बहुधा या वादापुरतेच उरतात. त्यांचे पुढील कार्य जालन्याचे आहे. तेथे त्यांनी मुख्यतः मांग समाजातील नवख्रिस्ती कुटुंबांसाठी बेथेल ही वस्ती उभारली. तिची जमीन हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्या काळात संस्थानाकडून मिळाली होती. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या माणसाने अस्पृश्य मानलेल्यांमध्ये आयुष्य घालवावे, हा त्यांच्या बाप्तिस्म्याचा खरा विस्तार होय.

तथापि या रूपकातील अडचणही नजरेआड करता येत नाही. मेंढपाळ म्हटला की कळप आला, आणि ‘पाळलेला’ या शब्दात पोषणाबरोबर परावलंबनही आहे. दात्याने जमीन द्यावी, धर्मोपदेशकाने वस्ती वसवावी, अशा रचनेत रहिवाशांचा स्वतःचा आवाज कोठे उमटतो, हा प्रश्न बेथेलसंबंधीही विचारला पाहिजे.

या प्रश्नाकडे पाहण्याची वेगळी दिशा टिळक दांपत्याच्या चरित्रात सापडते. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांचा स्वतःचा प्रवास मात्र उलट क्रमाने होतो. जातिभेद मानवनिर्मित असल्याची जाणीव आधी येते, सोवळेओवळे सुटते आणि विधी मागाहून येतो. पुढे निराधार मुलांना घरात घेणाऱ्या लक्ष्मीबाई त्यांच्यावर रागावतात, फसतात, हसतातही. येथे पाळणारी आणि पाळले जाणारे एकाच चुलीभोवती बसतात, त्यामुळे कळपाची कल्पनाच मावळते.

टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली. मजुरीने राखणाऱ्याविषयीचे वचन या त्यागाशी ताडून पाहण्याजोगे आहे. सातारा येथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, असे दोन्ही ख्रिस्तानुयायी त्यात बंधुभावाने एकत्र यावेत, ही त्यांची भूमिका होती. विधी त्यांनी नाकारला नाही. अनुसरणाची कसोटी मात्र विधीबाहेर नेली. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाल्याने हा प्रयोग अपुरा राहिला.

धर्मांतराच्या कथनांचा अभ्यास करताना आपण ‘का घेतला?’ या प्रश्नाशी थांबतो. ‘कसा पाळला, आणि कोणाला सोबत घेऊन?’ हा प्रश्न विचारला, तर या चरित्रांचा आणि आत्मचरित्रांचा उत्तरार्धही आपल्या वाचनकक्षेत येईल.